काकांना सांगायचं का? आणि शेवटचे दिवस गावच्या घरी नीट काढता येतात का?

सुरंगी
नमस्कार मंडळी. माझे थोरले काका राजापूर तालुक्यात गावच्या घरी असतात. वय ७८. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. कोल्हापूरला दाखवलं. केमोने फायद्यापेक्षा त्रासच जास्त होईल, घरी न्या, असं डॉक्टरांनी चुलतभावाला बाजूला घेऊन सांगितलं. काकांना आम्ही "लिव्हरला सूज आहे" एवढंच सांगितलंय.
काका खुळे नाहीत. जन्मभर शाळा चालवली त्यांनी. फोनवर मला दोनदा विचारून झालं, "डॉक्टर नेमके काय म्हणाले गं?" काकी म्हणते, सांगितलंत तर हाय खातील. चुलतभावाचंही तेच. मी ठाण्यात बसून अक्कल शिकवतेय असं होऊ नये, म्हणून इथे विचारते.
१. त्यांना खरं सांगावं का? आणि कुणी, कसं?
२. आमचं गाव राजापूरपासून आत. पावसात साकवावरून पाणी गेलं की रस्ता बंद. रेंजसाठी सड्यावर जावं लागतं. अशा ठिकाणी दुखणं वाढलं तर करायचं काय? दवाखान्यात नेऊन ठेवणंच बरं का?

पाणकावळा
सांगू नका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या भावोजींना दवाखान्याच्या व्हरांड्यात एका शिकाऊ डॉक्टरने उभ्या-उभ्या सांगून टाकलं. त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडले. आशा असते तोवर माणूस टिकतो. ७८ वर्षांच्या माणसाला कळून करायचंय काय?

रातांबा
पाणकावळा, तुमच्या भावोजींचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या घरचा अनुभव उलट आहे.
बाबांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. वाडीत सगळ्यांना माहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण पडवीत आमच्याशी कुजबुजायचा आणि आत जाऊन "काही नाही हो, चार दिवसांत चालायला लागाल" म्हणायचा. एका रात्री बाबा आईला म्हणाले, "सगळ्यांनी मिळून माझ्याशी खोटं बोलायचं ठरवलंय, तू तरी बोल." आई बोलली. दोघं रडली. सकाळी बाबांनी भावाला बोलावून पहिली गोष्ट कुठली विचारली असेल? "चतुर्थीत मी गेलो तर गणपतीचं काय करणार?"
कोकणातल्यांना हे समजावून सांगायला नको. सुतक आलं तर सगळ्या भावकीचा गणपती अडतो, मुंबईची माणसं रजा घेऊन आलेली असतात, आणि आजारी माणूस मनातल्या मनात त्याचंच ओझं वाहत असतो. बाबांनी गुरुजींना घरी बोलावून घेतलं, काय करायचं ते विचारलं, भावकीतल्या चौघांसमोर ठरवून टाकलं. त्यानंतर त्यांना झोप लागायला लागली. ते चतुर्थीनंतर गेले, पण आधी गेले असते तरी घरात गोंधळ झाला नसता. न सांगता हे कसं झालं असतं?

मुंबईकर मालवणी
+१ रातांबा. गणपतीचा मुद्दा शंभर टक्के खरा. हे कुठल्या डॉक्टरला सुचणार नाही.

डॉ. कातळ
मी चिपळूण-खेड भागात जनरल प्रॅक्टिस करतो, आणि पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याच्या उपचारांचं, प्रशिक्षण घेतलं आहे. सुरंगीताई, "सांगायचं की नाही" हा निर्णय तुम्ही किंवा चुलतभावाने घेऊच नका. तो काकांना घेऊ द्या.
विचारायचं असं: "काका, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" मग थांबायचं. बरेचदा पेशंट आपणहूनच सांगतो, "हे काही बरं होणारं दिसत नाही." पुढचा प्रश्न: "डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय, की थोडक्यात, की ते आम्हीच बघायचं?" काही जण म्हणतात, मला नको, मुलाला सांगा. तेही मानायचं. पण तुमचे काका दोनदा विचारून चुकलेत. त्यांचं उत्तर त्यातच आलं.
सांगताना "आता काही करता येणार नाही" हे वाक्य कधीही वापरू नका. आजार बरा होणार नाही हे खरं. दुखणं, खाज, उलटी, झोप, भीती यांवर करण्यासारखं भरपूर असतं आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत करायचं असतं. आणि पाणकावळा, भावोजींना खऱ्याने मारलं नाही. व्हरांड्यात, उभ्याने, एकट्याला आणि न विचारता सांगितलं, त्याने ते मोडले. बसून, दार लावून, जवळचं माणूस शेजारी असताना सांगितलं असतं तर फरक पडला असता.
आता दुसरा प्रश्न. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटातून पाठीत जाणारं दुखणं फार असतं. साध्या गोळ्या लवकरच पुऱ्या पडेनाशा होतात. दुखणं वाढायची वाट न बघता आत्ताच मॉर्फिनच्या गोळ्यांची सोय करा. गोळ्यांनी नीट भागलं नाही तर पोटातल्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं, त्याला सीलिअॅक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात. ते मोठ्या ठिकाणी होतं, आणि तब्येत बरी असतानाच विचारून ठेवायचं असतं. कावीळ वाढून अंगाला खाज सुटली तर पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) घालता येतो का, हेही विचारा.

तिठा
डॉक्टर, मॉर्फिन म्हणजे अफूच ना? सवय लागली तर? आणि त्याने माणूस लवकर जातो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. आमच्या आत्याला शेवटी ते इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली.

डॉ. कातळ
तिठा, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो.
मॉर्फिन अफूपासूनच बनतं. पण कॅन्सरच्या दुखण्यासाठी, ठरलेल्या मात्रेत, तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार क्वचित. लहान डोसने सुरू करतात, साधारण दर चार तासांनी देतात आणि दुखणं आटोक्यात येईपर्यंत हळूहळू वाढवतात. अशा पद्धतीने दिलं तर श्वास बंद पडत नाही. सुरुवातीला थोडी गुंगी आणि मळमळ होते, ती बहुधा काही दिवसांत कमी होते. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं आणि कमी होत नाही. म्हणून पहिल्या गोळीसोबतच पोट साफ होण्याचं औषध सुरू करायचं. हे न केल्यामुळे लोक मॉर्फिन सोडून देतात आणि परत कळा काढत बसतात.
तुमच्या आत्या शेवटच्या घटका मोजत होत्या तेव्हा कुणीतरी मॉर्फिन आणलं, म्हणून ते मरणाशी जोडलं गेलं. दोन महिने आधी मिळालं असतं तर त्या जेवल्या असत्या, झोपल्या असत्या, माणसांशी बोलल्या असत्या.
मिळत का नाही, तर १९८५चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की औषधाची दुकानं आणि दवाखाने परवान्यांच्या कटकटीत पडायलाच तयार नसत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर ही औषधं ठेवता येऊ लागली. भीती अजून गेली नाही, ही खरी अडचण. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शोधू नका. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची चौकशी करा, किंवा कॅन्सरचे उपचार जिथे झाले तिथून लिहून घ्या. पावसाळ्याआधी किती दिवसांचं देतील ते विचारून पुरेसा साठा घरात ठेवा. गोळ्या कुलपात, किल्ली एकाकडे, आणि वहीत वेळ लिहायची.

आबोली
मी स्टाफ नर्स होते, आता निवृत्त. सावंतवाडीत असते. घरी काय काय होतं ते आधी माहीत नसलं की घरचे घाबरतात आणि रात्री दोन वाजता गाडी काढून माणसाला घाटातून हलवत नेतात. म्हणून सविस्तर लिहिते.
जेवण कमी होणारच. शेवटच्या आठवड्यांत शरीराला अन्न नको असतं. "चार घास खा" म्हणून कोंबू नका, श्वासनलिकेत जाऊन ठसका लागतो, फुफ्फुसात जंतुसंसर्ग होतो. मागितली तर उकड्या तांदळाची पेज, दोन चमचे. नको म्हणाले तर नको. न जेवल्यामुळे माणूस जात नाही. जायला लागलाय म्हणून जेवत नाही.
सलाईनचा हट्ट सगळीकडे असतो. "निदान एक बाटली तरी लावा." शरीर पाणी पेलत नसतं, ते अंगावर सुजेच्या रूपाने आणि घशात कफाच्या रूपाने साचतं. त्यापेक्षा तोंड ओलं ठेवा. स्वच्छ कापसाने किंवा मऊ फडक्याने दर तासा-दोन तासांनी ओठ, जीभ पुसा, ओठांना तूप लावा. तहान बहुतेक तोंडाच्या कोरडेपणाचीच असते.
कूस दर दोन तासांनी बदला. हवेची गादी भाड्याने मिळते, लवकर आणा. पाठ, कंबर, टाचा रोज बघा. लाल दिसलं की तिथला दाब काढायचा.
शेवटी श्वास बदलतो. भरभर, मग थांबतो, परत सुरू होतो. घशात घरघर येते. ऐकणाऱ्याला भयंकर वाटतं, पण आजारी माणूस बहुधा शुद्धीत नसतो, त्याला तो त्रास जाणवत नसतो. एका कुशीवर वळवा, उशी थोडी उंच करा. घरघरीवर डॉक्टर औषधही देऊ शकतात. धाप लागली तर तोंडावर टेबलफॅनचा वारा सोडा, खूप बरं वाटतं. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. त्या वेळी पळापळ नको. जवळ बसा, बोला. ऐकू येत असेल असंच धरून बोला.

कुळथाची पिठी
आबोलीताई, हे प्रिंट काढून वहिनीला पाठवलं. आमच्याकडे सासूबाई आहेत अशा. मनापासून धन्यवाद.

मुंबईकर मालवणी
आबोलीताई, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही.
आजी ९१ वर्षांची. पक्षाघाताचा दुसरा झटका. तिने आधीच सांगितलं होतं, "माका खंय नेव नकात, मी हयच रवतंय." बाबा तयार होते. पण मुंबईहून दोन काका आले आणि वाडीतली माणसं जमली. "पोरांनी काय केलं नाय म्हणतील." या एका वाक्यावर तिला गाडीत घातलं. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवली. आम्हाला दिवसातून एकदा काचेतून बघायची परवानगी. हात बांधलेले, कारण ती नळ्या ओढायची. नळी काढा म्हटलं की "आमच्यावर केस होईल" असं उत्तर. ती तिथेच गेली, एकटी. गावात तिच्या खोलीत तुळशीचं पाणी आणि तिच्या नाती वाट बघत होत्या. बिल भरायला आंब्याची पुढची दोन वर्षं गेली, पण त्याचं दुःख नाही. तिने सांगितलेलं कुणी ऐकलं नाही, ते डाचतं.

नोटरी नाका
मी दिवाणी वकील आहे. मुंबईकर दादा, "केस होईल" या भीतीवर सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलेलं आहे, ते पोचलेलं नाही एवढंच.
अरुणा शानबाग हे नाव सगळ्यांना आठवत असेल. केईएममधल्या परिचारिका, १९७३ साली हल्ला झाला आणि २०१५ पर्यंत तिथेच अंथरुणावर. त्यांच्या प्रकरणात २०११ मध्ये पहिल्यांदा न्यायालयाने उपचार थांबवण्याच्या परवानगीचा मर्यादित मार्ग दाखवला. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो असं सांगून लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे आपण बोलू शकलो नाही तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता दिली. तेव्हाची पद्धत किचकट होती, सही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावी लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली.
आता अठरा वर्षांवरचा, शुद्धीत असलेला कुणीही लिहू शकतो. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल त्या माणसांची नावं घालायची, एकापेक्षा जास्त चालतात. प्रत त्यांना, फॅमिली डॉक्टरला आणि स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. वेळ आली की दवाखान्यात तीन डॉक्टरांचं एक मंडळ आणि मग दुसरं मंडळ बघतं, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी दवाखाना दंडाधिकाऱ्यांना कळवतो.
विष देणं किंवा इंजेक्शन देऊन मारणं यात कुठेही बसत नाही. निरर्थक उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं, एवढंच. आपल्या शेजारी गोव्यात ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. न्यायमूर्तीच करतात म्हटल्यावर आपण लाजायचं कारण नाही.
सुरंगीताई, काका शुद्धीत आहेत. त्यांनी "मला दवाखाना नको" म्हटलं तर तो त्यांचा हक्क आहे, त्याला कुठल्या मंडळाची गरज नाही. तरी कागद करून ठेवा. मुंबईचे काका प्रत्येक घरात असतात.

रातांबा
नोटरी दादा, तो कागद आमच्याकडे केला तेव्हाची गोष्ट. आत्याच्या मुलाने "विल" एवढंच ऐकलं आणि रात्रीच्या गाडीने आला. खळ्यात उभा राहून पहिलाच प्रश्न, "सड्यावरची कलमं कोणाच्या नावावर केली?" बाबा अंथरुणावरून खणखणीत ओरडले, "अरे, माझ्या नाकात नळी घालायची नाही एवढंच लिहिलंय, कलमं जाग्यावर आहेत!" आजारपणात इतके हसलो नव्हतो कधी. तेव्हा भावकीला आधीच समजावून सांगा, जमिनीच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही.

मुंबईकर मालवणी
😄 सातबारा मरताना पण सुटत नाही आपल्याला.

बंदर रोड
अस्सलामु अलैकुम, नमस्कार. दापोलीकडचा आहे. आमच्याकडे शेवटच्या वेळी जवळच्या माणसाने हळू आवाजात कलमा म्हणायचा, ऐकवायचा, तोंडात पाण्याचे दोन थेंब सोडायचे. घरात असेल तर जमजमचं. अब्बांच्या वेळी मला सगळ्यात जास्त भीती हीच होती की आयसीयूत असले तर हे कोण करणार. डॉक्टरांशी मोकळं बोललो, त्यांनीच घरी न्यायला मदत केली. अम्मी आणि आम्ही भावंडं सगळी होतो. इथे ख्रिस्ती मंडळीही असतील, त्यांना फादरला वेळेवर बोलवायचं असतं. वेळ ओळखता यायला आधी कुणीतरी "वेळ जवळ आलीय" हे तोंडाने म्हणावं लागतं. सगळे गप्प राहिले की तेही राहून जातं.

निवृत्त मास्तर
सर्वांचे वाचून बरे वाटले. आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध नाकारले आणि शांतपणे देह ठेवला. आपल्या परंपरेत मरणाविषयी बोलणे अशुभ कधीच नव्हते. आजी-आजोबा आपल्या सरणाच्या लाकडांची आणि कोऱ्या लुगड्याची सोय स्वतः करून ठेवत. आता दवाखाने आले आणि ते बोलणे आपण बंद केले.
आणखी एक: नेत्रदान. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत करता येते. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा. ही चर्चाही जिवंतपणीच करावी.

पाणकावळा
मास्तर, विनोबा संत होते. त्यांचं उदाहरण घरातल्या साध्या माणसाला देऊ नका. पाठीत कळ मारत असताना कुणाला तत्त्वज्ञान सुचत नाही. डॉ. कातळ म्हणतात तसं आधी दुखणं थांबवा, मग बोला. डॉक्टरांचं वाचून भावोजींबद्दल विचार करतोय. "विचारून सांगा" हे पटलं. पण ज्याला ऐकायचं नाही त्याच्यावर लादू नका, एवढं माझं म्हणणं कायम.

डॉ. कातळ
पाणकावळा, अगदी सहमत. हा क्रम बरोबर आहे.

करवंद
सगळे घरी ठेवा, घरी ठेवा म्हणताय. घरी म्हणजे कोण? सून. मी नऊ महिने केलंय. रात्री तीनदा उठून कूस बदलणं, धुणं, औषधाची वही, आणि सकाळी भेटायला आलेल्या पंधरा माणसांचा चहा. नणंदा येऊन "आईंचे केस विंचरले नाहीत का" विचारायच्या. नवरा मुंबईत. सासूबाई माझ्या हातातच गेल्या आणि मला त्याचं समाधान आहे, पण त्या काळात माझी पाठ कायमची गेली.
सुरंगी, तू ठाण्यात आहेस ना? मग काकीला आणि वहिनीला हे विचार: रात्रपाळीला पगारी माणूस ठेवायला पैसे पाठवू का? आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी देऊ का? गावात येऊन चार रात्री मी करू का? काकांना खरं सांगायचा मुद्दा मोठा आहेच. पण सेवा करणाऱ्या बाईला कुणी काही विचारतच नाही.

आबोली
करवंद, शंभर वेळा बरोबर. याच्यासाठीच केरळात गावोगाव स्वयंसेवक तयार केले. कोझिकोडला १९९३ पासून हे काम सुरू आहे, आणि २००८ साली केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. तिथे शेजारचा रिक्षावाला, शिक्षक, कॉलेजची पोरं आठवड्याचे दोन तास देतात. नर्स घरी येते, जखम धुते, स्वयंसेवक बसून राहतो, तेवढ्यात घरची बाई झोपते. आपल्याकडे प्रत्येक वाडीत भजनी मंडळ आहे, मुंबई मंडळ आहे, देवळाचा जीर्णोद्धार वर्गणीतून होतो. त्याच वर्गणीतून दोन हवेच्या गाद्या, एक व्हीलचेअर, एक कमोडची खुर्ची घेऊन देवळाच्या खोलीत ठेवली तर सगळ्या पंचक्रोशीचं काम होईल.
ज्यांना घरी जमतच नाही त्यांच्यासाठी: बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटना मोफत ठेवतात. गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. माणसाला तिथे नेलं म्हणजे टाकून दिलं असं कुणी म्हणू नये.

तिठा
गाद्यांचं आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दोघं लगेच हो म्हणाले.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन आले.
काकी आणि वहिनीशी आधी बोलले, करवंदताई म्हणाल्या तसं. वहिनी पहिल्यांदाच मोकळी झाली. रात्रीला वाडीतली एक बाई यायला तयार आहे, पैसे आम्ही मुंबईची भावंडं देणार.
मग काकी, चुलतभाऊ आणि मी काकांजवळ बसलो. डॉक्टरांनी सांगितलेला प्रश्न विचारला. काका म्हणाले, "कॅन्सर आहे ना? कोल्हापूरच्या फाईलवर वाचलं मी. तुम्ही सगळे लपवत होतात म्हणून मीही लपवत होतो." काकी रडली, ते तिला समजावत होते. किती दिवस आहेत ते त्यांना ऐकायचं नाहीये, बाकी सगळं ऐकायचंय. दवाखाना नको म्हणाले. दुखायला नको, ही एकच अट. शाळेतल्या जुन्या मुलांना भेटायचंय, त्यांची यादी मला लिहून घ्यायला लावली. मॉर्फिन मिळालं, सोबत पोट साफ होण्याचं औषधही. काल पहिल्यांदा सलग झोपले.
आता एक व्यवहाराचा प्रश्न राहिला. घरीच गेले तर दाखल्याचं काय? चुलतभावाला भीती आहे की पोलीस येतील.

नोटरी नाका
आजारपणातला नैसर्गिक मृत्यू आहे, पोलिसांचा काही संबंध नाही. जे डॉक्टर काकांना तपासत आहेत त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यायचा आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करायची. आत्ताच तालुक्यातल्या एका डॉक्टरांना कोल्हापूरचे कागद दाखवून काकांना तपासून घ्या, म्हणजे ऐन वेळी अनोळखी डॉक्टर सही द्यायला कचरणार नाही. त्यांचा नंबर आणि ग्रामसेवकाचा नंबर औषधाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आबोली
आणि पावसात रस्ता बंद झाला तर त्या डॉक्टरांना फोनवर विचारून काय द्यायचं, तेही त्याच वहीत आधी लिहून घ्या. दुखणं अचानक वाढलं तर किती, उलटी झाली तर काय, घाबरेघुबरे झाले तर काय. त्यांच्याच हस्ताक्षरात. सड्यावर रेंज नेमकी कुठल्या बाजूला मिळते ते रात्रीच्या बाईलाही दाखवून ठेव.